आठवी आसरा

वैजयंता बोरसेचा त्या यात्रेत फायदा काय होता, ते आधीच पाहून घेऊ. म्हणजे पुढे तिची उगाच कीव यायला नको, आणि उगाच रागही यायला नको.

अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर ती नऊ वर्षं आरोग्य खात्यासाठी पाणी तपासत होती. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस म्हणून त्याच खुर्चीवर येऊन बसायचं. २०४१ची जळखेड्याची यात्रा ओळीनं तिसऱ्या वर्षी रोगाशिवाय पार पडली, की तिचं यंत्र राज्यातल्या सगळ्या मोठ्या यात्रांना जाणार होतं आणि यंत्राबरोबर वैजयंता, कायम होऊन. तालुक्याच्या डॉ. मुळ्ये साहेबांनी तसं तोंडी सांगितलं होतं. साहेबांचं तोंडी म्हणजे थापेच्या पलीकडचं आणि लेखीच्या बरंच अलीकडचं.

दुसरा फायदा तिच्या आईचा. सावरदरा गावाला एकोणीस वर्षांनी यंदा पहिल्या घागरीचा मान आला होता आणि गावानं तो मथुराबाईच्या डोक्यावर द्यायचं ठरवलं होतं. "पोरगी शिकली, पण गावाच्या काय उपयोगाची?" असं म्हणणारी तोंडं त्यामुळे परस्पर बंद होणार होती. हा फायदा वैजयंता कुणाजवळ बोलली नसती. पण नोकरीपेक्षा तोच तिला जास्त हवा होता.

जळखेड्याला डोंगराच्या पोटात साती आसरांचं कुंड आहे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. वैशाखात भोवतीची चौदा गावं आपापल्या विहिरीचं पाणी घागरीतून वाजत आणतात आणि कुंडात ओततात. चौदा पाणी एक झालं की तेच घागरीत भरून घ्यायचं, घरी न्यायचं, दारोदार ओंजळ-ओंजळ वाटायचं आणि उरलेलं आपल्या विहिरीत सोडायचं. मग वर्षभर गावाला पाणी पुरतं, अशी श्रद्धा. त्यानंतर साठ-सत्तर हजार माणसं रांगेनं तीर्थ घेतात. वैशाखात कुंडात पाणी असतं गुडघाभर. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूला कुणी विचारलं असतं, बाबा, तुझी यात्रा कशी भरवू, तर त्यालाही याहून चांगली सोय सुचली नसती.

बारा वर्षांपूर्वी त्यानं ती सोय वापरलीही होती. पाच गावांत मिळून एकेचाळीस माणसं गेली. त्यानंतर कुंडात पोत्यानं ब्लीचिंग पावडर पडू लागली, तीर्थाला पोहण्याच्या तलावाचा वास येऊ लागला आणि भाविक तोंड वाकडं करून तीर्थ घेऊ लागले. मग यंत्र आलं.

यंत्र पिठाच्या डब्याएवढं. घागरीतलं वाटीभर पाणी त्यात ओतायचं. आतल्या पडद्यावर पाण्यातले जंतू अडकतात, फुटतात आणि त्यांच्या पोटातला जनुकांचा धागा बाहेर पडतो. त्या धाग्यात पटकीचं विष बनवायची जी ओळ असते, ती ओळखणारी एक सूक्ष्म कात्री द्रवात सोडलेली असते. ओळ सापडली की कात्री पिसाळते, शेजारचे सगळे धागे कापत सुटते आणि कापलेला प्रत्येक धागा चमकतो. चमक किती, त्यावरून जंतू किती. अकरा मिनिटांत दिवा लागतो, हिरवा किंवा लाल. लाल घागर परत. एवढंच खात्यानं ठरवलं होतं. लाल गावाचा मान सात वर्षं जाईल आणि ते गाव रांगेत शेवटी उभं राहील, ही शिक्षा चौदा गावांच्या पंचांनी आपल्या हौसेनं जोडली.

पहिल्या वर्षी लोक यंत्राला हसले. दुसऱ्या वर्षी खिर्डी गावाची घागर लाल निघाली. चार पिढ्या पहिला मान बहुतेक वर्षी खिर्डीकडेच असे, तो गेला. त्या दिवसापासून यंत्राला हळदकुंकू लागू लागलं आणि नाव पडलं आठवी आसरा. सात देवी नवसाला पावतात का, यावर वाद होऊ शकत होता. आठवी कोपते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. गावं आता पटकीला भीत नव्हती, दिव्याला भीत होती.

आणि मुळ्ये साहेबांनी ब्लीचिंग बंद केलं. कागदावर कारण चोख होतं. येणारी प्रत्येक घागर तपासलेली असेल, तर कुंडात विष कुठून येईल? भाविक खूश, पंच खूश, साहेब खूश. वैजयंता एकदा म्हणाली होती, "साहेब, थोडी पावडर असू द्या की." साहेब म्हणाले, "तुमचाच तुमच्या यंत्रावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला कायम व्हायची इच्छा असलेल्या माणसाजवळ एकच उत्तर असतं.

यात्रेच्या आठ दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास मथुराबाई लेकीच्या तपासणी-खोलीत आली. हातात स्टीलचा डबा.

"वैजू, गावच्या विहिरीचं पाणी हाय. तुझ्या देवीला आधी दाखवून ठेव. वेळेला घोटाळा नको."

"आई, असं खाजगी तपासता येत नाही."

"मग चहा तरी खाजगी मिळतो का तेवढा?"

वैजयंतानं हसत पाणी यंत्रात ओतलं. अकरा मिनिटं दोघी चहा पीत बसल्या. आई नव्या हिरव्या लुगड्याबद्दल बोलत होती, मानाचं म्हणून गावानं घेतलेलं, आणि त्याला तांदळाच्या पेजेची खळ द्यायची म्हणून कुणाकडचे तांदूळ आणलेत त्याबद्दल. बाराव्या मिनिटाला वैजयंताच्या हातातला कप तसाच राहिला.

दिवा लाल होता.

नियम सरळ होता. वर कळवायचं, विहिरीला सील, गावाचं नाव फलकावर. आईनं दिव्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. पदर सारखा केला आणि म्हणाली, "सोजीला केवढा आनंद होईल नाही!"

सोजाबाई ठोके म्हणजे खिर्डीची मानकरीण. दोघींचं माहेर एक, बांधाला बांध. एकाच मांडवात लग्नं होऊन दोघी दोन गावांत पडल्या आणि तेव्हापासून एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींना जेवण जात नव्हतं.

वैजयंतानं त्या दिवशी जे केलं, ते तिच्या मते कुणाचंही नुकसान न करणारं होतं. चाचणी पुसून टाकली. विहिरीकाठच्या गळक्या संडासाच्या टाकीबद्दल सरपंचाला गुपचूप सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन विहिरीत औषध टाकलं. आणि आईला म्हणाली, "घागर विहिरीची नको भरूस. डेअरीतल्या फिल्टरचं पाणी भर. कुणाला कळत नाही. विहीर शुद्ध, घागर शुद्ध, मान गावाचा. झालं?"

"झालं," आई म्हणाली.

मथुराबाई जन्मात कधी पहिल्या फटक्यात कुठल्या गोष्टीला हो म्हणाली नव्हती. लेकीला तिथंच शंका यायला हवी होती.

यात्रेच्या दिवशी सकाळी नऊलाच दगड तापले होते. कमानीपाशी पंखे पाण्याचा फवारा उडवत होते, त्यात ढोलवाल्यांची पोरं नाचत होती. सावरदऱ्याची घागर आली. मथुराबाईचं हिरवं लुगडं ओलंचिंब होतं. फवाऱ्यातून आली असेल, असं वैजयंताला वाटलं आणि तेवढ्यावर तिनं तो विचार सोडला.

मागच्या बाजूला, चौदाव्या जागेवर, खिर्डीची सोजाबाई घागर टेकवून उभी होती. तिनं तिथूनच आवाज दिला.

"मथुरे! वजन झेपतंय ना गं? का मी येऊ धरायला?"

"तू तिथंच बरी! शेवटच्या माणसाला सावली मिळते!"

"मान आमच्या घरात पाळण्यातनं मोठा झाला. तू आज दत्तक घेतलास, जपून घे, मुतेल अंगावर!"

रांग खदखदून हसली. वैजयंताही हसली. सोजाबाई तिच्याकडे वळली, "काय भाची? मावशीला यंदा हिरवा लाव बाई. गेल्या साली नाक कापलंस."

"मी नाही मावशी, यंत्रानं."

"व्हय. सुरी म्हणती, मी नाय, हातानं कापलं."

अकरा मिनिटांनी सावरदऱ्याची घागर हिरवी निघाली. डेअरीचं पाणी हिरवंच निघायचं. मागोमाग बाकीच्या तेरा घागरीही हिरव्या निघाल्या, खिर्डीचीसुद्धा. ढोल कडाडले. एक-एक घागर कुंडात रिकामी झाली. रिकाम्या घागरी उन्हात चांदीसारख्या चमकत होत्या. सगळ्या स्टीलच्या. तांब्याच्या जड घागरी गावांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोडीत काढल्या होत्या. तांब्यात पाणी रात्रभर राहिलं तर पटकीचे जंतू मरतात. पण ज्या आज्यांनी तांबं वापरलं, त्यांनी कारण सांगून ठेवलं नव्हतं.

शेवटी मथुराबाई पुन्हा कुंडाच्या खालच्या पायरीवर उतरली. तिनं लुगड्याचा पदर सोडला, दोन्ही हातांत धरला आणि पिळला. पांढुरकं, दाट पाणी कुंडात पडलं.

वैजयंता पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेली. "आई, हे काय?"

"पदर पिळायचा असतो. आपल्या गावाचा पहिला मान असला की. तू पंधरा वर्षांची होतीस शेवटी, कशी आठवंल!"

"पाणी कसलं आहे ते?"

मथुराबाईनं आवाज खाली आणला. चेहऱ्यावर लहान मुलीचा खट्याळपणा होता. "तू औषध टाकायच्या आधीच कॅन भरून ठेवला होता विहिरीचा. काल सकाळी पेजेत घालून लुगडं त्यातच भिजवलं. तुझ्या देवीला तुझं पाणी दिलं, माझ्या देवीला माझं. आसरांपुढं डेअरीचं पाणी ओतून मी काय तोंड दाखवू गं?"

काल सकाळपासून. वैशाखात. तांदळाच्या पेजेत. पटकीच्या जंतूला भाताची पेज म्हणजे तान्ह्या बाळाला दूध. त्या पदरात काल शेकड्यांनी असतील, तर आज त्यांची मोजदाद करायला यंत्राचा पडदा पुरला नसता.

आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तरी वैजयंता ओरडली नाही. तिनं वाटी काढली, कुंडाचं पाणी घेतलं आणि कमानीकडे धावली. गेल्या तीन वर्षांत यंत्राला विचारल्याशिवाय घाबरायची तिची सवय मोडली होती. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात हिशेब चालू होता: कदाचित हिरवा निघेल.

अकरा मिनिटं. समोर चौदा घागरी पुन्हा भरल्या जात होत्या. मानकरणी डोक्यावर चुंबळ ठेवत होत्या. पायऱ्यांवर, घाटात, खालच्या मैदानापर्यंत माणसं तीर्थाची वाट पाहत खेटून उभी होती. कुणीतरी लेकरू खांद्यावर घेतलं होतं, त्याच्या हातात प्लॅस्टिकचा पेला होता. सातव्या मिनिटाला ते लेकरू पेला तोंडाला लावून रिकामाच प्यायला आणि हसलं. वैजयंतानं डोळे मिटून घेतले.

दिवा लाल झाला. आकडा इतका वर गेला की त्याच्या जागी नुसती रेघ आली.

आता कर्ण्यावरून "पटकी" म्हणावं, तर त्या अरुंद पायऱ्यांवर साठ हजार माणसं एकदम वळतील. रोगाला दोन दिवस लागतात, चेंगरायला दोन मिनिटं. ती धापा टाकत दगडू गुरवाकडे गेली. पंचाहत्तरीचा हा म्हातारा कुंडाचा पुजारी. त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि हातातली घंटा खाली ठेवली.

"काका, कुंड बंद करा. घागरी परत ओतायला लावा."

"किती वाईट हाय?"

"खूप."

"मग सांगू नको. मला कळलं तर मला खोटं बोलावं लागंल." म्हाताऱ्यानं कर्णा हातात घेतला आणि शांत आवाजात म्हणाला, "मंडळी, पदर पिळताना सोवळं मोडलंय. आसरांनी पाणी घेतलं नाही. घागरी परत उतरवा. कुंड उपसून पुन्हा भरायचंय. तवर कुणी पायरी सोडू नका, बसून घ्या."

लोक बसले. कुरकुरले, पण बसले. तेरा गावांच्या बायका तोंड वाकडं करत परतल्या आणि घागरी रिकाम्या करून गेल्या. मथुराबाई सगळ्यात आधी. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. लेकीनं एक शब्दही सांगितला नव्हता, पण दिवा तिनंही पाहिला होता.

खिर्डीची घागर सापडेना. ती जीपमध्ये चढत होती. वैजयंतानं जीपचं दार धरलं.

"मावशी, घागर परत ओतायची आहे."

"का?"

"सोवळं मोडलंय."

"तुझ्या आईचं. आमचं काय बिघडलंय?" सोजाबाईनं घागर मांडीवर ओढली. "गेल्या साली दिवा दाखवून मान घेतलास, यंदा पाणी पण घेतीस व्हय? हिरवा लागलाय आम्हाला, हिरवा! अख्ख्या जत्रेनं पाहिलाय."

"मावशी, ऐका..."

"खरं कारण सांग. सांग, मी हितंच उतरून ओतते. आसरांची शपथ."

वैजयंतानं तोंड उघडलं. तिच्या मागं, हाताच्या अंतरावर, सावरदऱ्याची माणसं गुलाल माखून उभी होती. सरपंच होता. आई होती. "मावशी, त्यात पटकी आहे, आईच्या पदरातून आली, आणि ते मला आठ दिवसांपूर्वी माहीत होतं." हे एवढंच वाक्य होतं. म्हणायला पाच-सात सेकंद लागले असते.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. "पुन्हा तपासायचंय."

सोजाबाई मोठ्यानं हसली. "बघ! सुरी बोथट झाली, आता म्हणती परत मान पुढं कर!" तिनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. जीप धुरळा उडवत गेली.

तालुक्याहून ब्लीचिंग यायला चार तास लागले. कुंडापाशी एक पोतंही ठेवलेलं नव्हतं. साठ हजार माणसं उन्हात बसून राहिली आणि तिन्हीसांजेला औषधाचा वास येणारं तीर्थ घेऊन घरी गेली. त्यांच्यातलं एकही माणूस आजारी पडलं नाही. दुपारी दोन वाजता वैजयंतानं खिर्डीच्या ग्रामसेवकाला फोनवर संदेश पाठवला होता: खबरदारी म्हणून पाणी उकळून प्यावे. असा संदेश खात्याकडून दर सोमवारी जातो. ग्रामसेवकानं तो पाहिला, उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि जत्रेचे फोटो बघायला लागला.

तेव्हा खिर्डीत सोजाबाई दारोदार फिरत होती. यंदा मान नसला तरी गावानं कमीपणा वाटून घेऊ नये म्हणून तिनं एकही उंबरा सोडला नाही. प्रत्येक घरी ओंजळभर, लहान मुलांना आधी. चाखायला म्हणून पहिली ओंजळ स्वतः. उरलेलं पाणी, रीतीप्रमाणे नैवेद्याची भाताची मूठ घालून, विहिरीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला पहिला ढाळ झाला. उन्हाचा आहे म्हणून तिनं लिंबू-पाणी घेतलं. विहिरीचं. तिसऱ्या दिवशी सकाळी वैजयंता पथकाबरोबर पोचली, तेव्हा शाळेच्या ओसरीवर माणसं ओळीनं निजवलेली होती आणि खालून भाताच्या धुवणासारखं पाणी वाहत होतं. त्या ओळीत पुढचं कोण आणि मागचं कोण, ते कळत नव्हतं. सोजामावशीचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. तिनं वैजयंताला ओळखलं.

"भाची," ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता. "दुरुस्त झालं का गं यंत्र?"

वैजयंता तिच्या दंडात सलाईनची शीर शोधत राहिली. शीर सापडली नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. आता असे अहवाल माणसं लिहीत नाहीत. यंत्रच साऱ्या नोंदी जुळवून उगम शोधतं आणि माणसानं फक्त मंजूर म्हणायचं असतं. नोंदी स्वच्छ होत्या. सावरदरा: घागर हिरवी, विहीर हिरवी. कुंड: एक लाल नोंद, तंत्रज्ञाच्या शेऱ्यानुसार यंत्रातील बिघाड. खिर्डी: गेल्या वर्षी लाल, यंदा विहीर लाल. सूचना न पाळता घागर नेली. उगम गाव: खिर्डी.

मुळ्ये साहेबांनी फोन केला. "बोरसेबाई, कुंडावर तुम्ही समयसूचकता दाखवलीत. एक गाव आडमुठं निघालं, त्याला आपण काय करणार? मंजुरी टाका, तुमची ऑर्डर त्याच पाकिटात आहे." यंदा तोंडी नव्हतं.

मथुराबाई खोलीत शेजारी बसली होती. सोजीच्या दहाव्याला खिर्डीला गेली होती ती. घागरीच्या पाण्याला नाही म्हणाली, जेवणाला नाही म्हणाली, आणि तिथल्या बायकांना वाटलं, मैत्रिणीच्या दुःखानं. तेव्हापासून ती लेकीकडेच राहत होती आणि पाणी उकळलेलं असलं तरी पेला दोनदा उजेडात धरून मग प्यायची.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"खिर्डी."

आईनं पडद्यावरच्या मंजुरीच्या बटणाकडे पाहिलं. मग हळूच, स्वतःच्याच आवाजाला घाबरल्यासारखी म्हणाली, "म्हणजे मान आपल्याकडंच राहिला."

वैजयंतानं बटण दाबलं.

बेरीज अशी झाली. खिर्डीनं नऊ माणसं दिली, त्यांत चार लहान. पुढच्या सात वर्षांसाठी शेवटची जागाही दिली. सावरदऱ्यानं एक हिरवं लुगडं दिलं. ते मथुराबाईनं चुलीत घातलं होतं, पण ओलं असल्यामुळे जळायला फार वेळ लागला.